मत विचारलं, म्हणजे निर्णयात घेतलं असं नाही

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत मी काही वर्षं शिकवत होते. एकदा मुलांच्या मानसिक आरोग्यावर बैठक ठरली. बाहेरून पाहुणे आले, प्रश्नावल्या वाटल्या, शेवटी सगळ्यांचा फोटो झाला. कागद गोळा करताना बारावीच्या एका मुलीने मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने लिहिलेली ओळ दिसली: “टीचर, समुपदेशनाची खोली ऑफिससमोर नको. कोण आत गेलं ते सगळ्यांना दिसतं.” खोली ऑफिससमोरच होती. दारावरची पाटी आदल्या आठवड्यात रंगवूनही झाली होती.

त्या मुलीचं मत विचारलं होतं का? हो. ती निर्णयात होती का? नाही. आपण दोन्हीला ‘सहभाग’ म्हणतो, म्हणून पहिलं झालं की दुसरंही झालं असं वाटतं.

मत विचारताना प्रश्न मोठ्यांनी ठरवलेले असतात, मुलं उत्तरं देतात आणि त्या उत्तरांचं पुढे काय करायचं तेही मोठेच ठरवतात. यात वाईट काही नाही. नीट विचारलं तर फार उपयोगी काम आहे ते, आणि आपल्याकडे तेवढंही पुरेसं झालेलं नाही. देशाचं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के, हा आकडा त्यातलाच. पण ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत गोवा नव्हता. म्हणजे भाषणांतून आपण जो आकडा ऐकतो, त्यात पेडण्याचं किंवा काणकोणचं एकही मूल मोजलेलं नाही.

निर्णयात घेणं याच्या बरंच आधी सुरू होतं. कोणता प्रश्न आधी हातात घ्यायचा, पैसे कशावर घालायचे, नेमलेला माणूस कुठल्या भाषेत बोलणार, हे ठरत असताना मुलं तिथे हजर असतात. त्यांची सूचना मान्य झाली नाही तर का नाही, हे त्यांना सांगावं लागतं. माझ्या मते खरी कसोटी हीच आहे. साखरपुडा झाल्यावर मुलीला पसंती विचारली तर तीही विचारणाच म्हणायची, पण त्या उत्तराने काय बदलणार?

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना हवं तसं वापरून घेणं, सजावटीसाठी उभं करणं आणि नावापुरतं बसवणं. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, उन्हात फलक धरून उभी केलेली मुलं पाहिली की मला दुसरी पायरी आठवते. आपला गोंधळ मात्र पाचव्या आणि सहाव्या पायरीचा आहे. पाचवीवर मुलांचा सल्ला घेतात आणि त्याचं काय होणार तेही त्यांना सांगतात. सहावीवर काम मोठ्यांनी सुरू केलेलं असतं, निर्णय मात्र मुलांसोबत होतो. हार्ट पाचवीलाही खरा सहभाग मानतात, हे लक्षात ठेवायला हवं. आपण प्रश्नावली भरून घेतो आणि पुढे काही कळवत नाही, तेव्हा आपण पाचवीवरही पोचलेलो नसतो.

कायदा काय म्हणतो? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. त्यातलं १२वं कलम सांगतं की मुलाला आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि वय व समज पाहून त्या मताला योग्य वजनही मिळालं पाहिजे. म्हणजे नुसतं ऐकून घेणं तिथेही पुरत नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अनेक अर्थांनी चांगला आहे. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजाराचा अनुभव असलेल्यांच्या आणि काळजीवाहकांच्या प्रतिनिधींना त्याने जागा दिल्या. पण तरुण म्हणून राखलेली जागा त्यात नाही. आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क या कायद्याने दिला, तोही अठरा पूर्ण झालेल्यांना. त्याखालच्या मुलांसाठी ते पालकांनी लिहायचं. ग्रामसभेतही तेच, मतदार यादीत नाव लागेपर्यंत थांबा. ज्या वयात हा त्रास सुरू होतो, त्याच वयात अधिकृत आवाज सर्वांत कमी असतो.

गोव्यात चांगलं उदाहरण नाही असं नाही. पर्वरीच्या ‘संगथ’ संस्थेने किशोरवयीनांसाठी ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ नावाचा मोबाईल गेम तयार केला, अडचण आली की ती टप्प्याटप्प्याने कशी सोडवायची ते शिकवणारा. गोवा आणि दिल्लीतल्या मुलांना सोबत घेऊन तो घडवला. मला हे काम मोलाचं वाटतं. तरी ती एका सेवेची घडण झाली. धोरण म्हणजे ती सेवा किती शाळांत जाणार आणि तिचा खर्च कोण देणार. त्या टेबलाशी अजून मुलं नाहीत.

आता संधी आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. नेमणूक कागदावर होईलही. पण तो बसणार कुठे, टिपणं कोणाकडे राहणार, घरात कोकणी बोलणारं मूल त्याच्याशी कुठल्या भाषेत मन मोकळं करणार, हे विचारायचं असेल तर नेमणुकीआधी विचारायला हवं.

सत्तरीतल्या एका शाळेत हे आधी विचारलेलं मी पाहिलं. चार मुलांना समितीत घेतलं होतं. शाळा सुटल्यावर समुपदेशन, असा मोठ्यांचा बेत. नववीतला एक मुलगा म्हणाला, “सर, मग आमची बस चुकते. पुढची संध्याकाळी. घरी काय सांगू?” कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं ते. वेळ मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला गेली. खोली म्हणून ग्रंथालयाचा मागचा भाग घेतला, कारण ग्रंथालयात कोण कशाला गेलं ते कोणी विचारत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. मुलांना निर्णयात घ्यायचं म्हणून त्यांना माइक देऊन स्वतःची दुखरी गोष्ट सगळ्यांपुढे सांगायला लावू नये. गाव लहान असतं, सोमवारी त्याच वर्गात बसायचं असतं. त्या मुलाने आपल्याला काय होतं याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. बसची वेळ तेवढी सांगितली होती. आणि समितीत नेहमीचा पहिला नंबर आणि वक्तृत्वात बक्षीस घेणारी मुलगीच नको, ज्याची हजेरी गेल्या वर्षी अचानक घसरली तोही हवा.

कुठे काय चाललंय हे पाहायचं असेल तर बैठकीचं इतिवृत्त मागा. ‘विद्यार्थी उपस्थित होते’ एवढंच असेल तर मत विचारलं गेलं. विद्यार्थ्याने काय सुचवलं, ते मान्य झालं की नाही आणि का, हे लिहिलेलं असेल तर तो निर्णयात होता. सत्तरीच्या त्या वहीत बसची वेळ लिहिली आहे. डिचोलीतला तो कागद कुठल्या फाइलमध्ये गेला, हे मी नंतर विचारलं होतं. सापडला नाही.