शाश्वत नागरी परिवहन नियोजन

शाश्वत नागरी परिवहन नियोजन : शहरातील माणसांची व मालाची ये-जा सुरळीत व्हावी, पण त्यासाठी हवा, इंधन, जमीन आणि सार्वजनिक निधी यांतील पुढच्या पिढ्यांचा वाटा खर्ची पडू नये, अशा बेताने रस्ते, वाहने व जमीनवापर यांची एकत्र आखणी करण्याची पद्धती. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीची तत्त्वे नाशिक शहराच्या संदर्भात दिली आहेत.

उगम : या विचाराचा आरंभ सामान्यतः पर्यावरण व विकास यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालापासून धरतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९९६ मध्ये व्हँकूव्हर येथे भरवलेल्या परिषदेत परिवहनापुरती तत्त्वे मांडली गेली. याउलट काही अभ्यासक ही मुळे बरीच मागे नेतात. रुंद केलेला रस्ता गर्दीच्या वेळी पुन्हा भरून जातो, हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवले होते. ब्राझीलमधील कुरितीबा येथे १९७४ मध्ये राखीव बसमार्ग सुरू झाला, तर सिंगापूरने १९७५ मध्ये शहराच्या मध्यभागी शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क बसवले. हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. परिषदांनी तत्त्वांना शब्दरूप दिले, पण ती घडली शहरांच्या रोजच्या अडचणींतून. ‘टाळा, वळवा, सुधारा’ ही त्रिसूत्री १९९० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत आकाराला आली असावी. तिचा पहिला अधिकृत उल्लेख तेथील संसदेच्या आयोगाच्या १९९४ च्या अहवालात असल्याचे मानतात. अनावश्यक प्रवास टाळावा, उरलेला चालणे, सायकल व बस यांकडे वळवावा आणि त्यानंतर वाहनांचे तंत्र सुधारावे, असा तिचा क्रम आहे. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांची नव्हे, तर माणसांची ने-आण हे उद्दिष्ट ठरवले.

शहराची ठेवण : नाशिक महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. जुने गावठाण व पंचवटी गोदावरीच्या दोन तीरांवर, सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहती पश्चिमेला आणि रेल्वे स्थानक गावठाणापासून आठ-नऊ किमी. दूर नाशिकरोडला, अशी ही विखुरलेली रचना आहे. स्थानकाचे अंतर ही अडचण जुनीच. तिच्यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेनरोड ते स्थानक अशी ट्राम सुरू झाली. तिचा आरंभ बहुधा १८८९ च्या सुमारास झाला. काही ठिकाणी १८९१ हे वर्ष आढळते, ते प्रत्यक्ष वाहतुकीचे असणे शक्य आहे. प्रारंभी घोडे आणि पुढे इंजिन जोडलेली ही ट्राम तोट्यामुळे १९३१ ते १९३३ च्या दरम्यान बंद पडली.

बससेवा : शहर बससेवा दीर्घकाळ राज्य परिवहन महामंडळाकडे होती. ८ जुलै २०२१ पासून ती महापालिकेच्या परिवहन कंपनीमार्फत ‘सिटीलिंक’ या नावाने चालते. तपोवन व नाशिकरोड हे तिचे मुख्य आगार. बस चालवणाऱ्या ठेकेदाराला धावलेल्या किलोमीटरमागे मोबदला मिळतो आणि तिकिटाचे उत्पन्न कंपनीकडे जमा होते. यामुळे प्रवासी पळवण्याची चढाओढ थांबते आणि तोट्याच्या मार्गावरही बस धावू शकते. मात्र बस भरली काय नि रिकामी गेली काय, ठेकेदाराला फरक पडत नाही. म्हणून फेऱ्यांच्या नियमितपणावर कंपनीची कडक देखरेख अटळ ठरते. तिचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. दर २० मिनिटांनी बस असेल, तर वेळापत्रक न पाहता थांब्यावर येणाऱ्याला सरासरी १० मिनिटे थांबावे लागते. तेवढ्याच बस जोडीजोडीने, ४० मिनिटांच्या अंतराने येऊ लागल्या, तर फेऱ्या कमी न होताही सरासरी प्रतीक्षा २० मिनिटांवर जाते. मग प्रवासी शेअर रिक्षा धरतो किंवा हप्त्याने दुचाकी घेतो आणि तो बसकडे सहसा परतत नाही.

जागेचा हिशेबही याच दिशेने जातो. सुमारे तीन मीटर रुंदीच्या पट्टीतून तासाला खासगी मोटारींनी ६०० ते १,६००, राखीव बसपट्टीतून ४,००० ते ८,००० आणि पादपथावरून सुमारे ९,००० माणसे जाऊ शकतात, असा प्रचलित अंदाज आहे.

पादचारी : रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या संकेतानुसार पादपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मी. हवी आणि कडेची उंची १५० मिमी.हून अधिक नसावी. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या १.१ किमी.च्या स्मार्ट रोडवर पादपथाला रस्त्याचाच भाग मानून आखणी झाली. द्वारका चौकाचा अनुभव वेगळा आहे. मुंबई-आग्रा व पुणे महामार्ग येथे मिळतात आणि पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्गही बांधला गेला, पण लोकांनी तो आपलासा केला नाही. हातात पिशवी किंवा कडेवर मूल असलेला माणूस जिना उतरून पुन्हा चढण्यापेक्षा वाहनांमधूनच वाट काढतो. रस्ता ओलांडण्याची सोय जमिनीलगत, सिग्नलसह असावी आणि थांबायचे ते वाहनाने, हे तत्त्व येथे लागू पडते.

सिंहस्थ : २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला रामकुंडाकडील अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक दगावले. २०१५ मध्ये खासगी वाहने शहराबाहेरील वाहनतळांवर अडवून भाविकांना पुढे बसने आणले गेले आणि शेवटचा टप्पा पायी ठेवला. पहिल्या पर्वणीला लोकांना फार चालावे लागल्याची टीका झाली. तरीही मोटारी बाहेर ठेवून लाखो लोकांना शहराच्या गाभ्यात आणता येते, हे या नियोजनाने सिद्ध केले. पर्वण्या आटोपल्यावर ही घडी मोडली. शालिमार, रविवार कारंजा आणि मेनरोड या परिसरासाठी तिचे लहान रूप कायम राखले असते, तर गावठाणाचा मोठा लाभ झाला असता.

निओ मेट्रो : उन्नत मार्गावरून रबरी चाकांवर, वरील तारेतून वीज घेत धावणाऱ्या या जोडबसच्या (डबे जोडलेल्या लांब बसच्या) प्रकल्पासाठी २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये खर्च नमूद होता. गंगापूर ते नाशिकरोड हा तिचा मुख्य मार्ग. २०२४ अखेर बांधकाम सुरू झाले नव्हते. अशा मार्गाची उपयुक्तता स्थानकापर्यंत आणणाऱ्या पूरक बसवर अवलंबून असते, त्यामुळे क्रमाने बससेवेचे बळकटीकरण आधी येते.

सायकल : शहरात हौशी सायकलस्वारांची परंपरा मोठी आहे. २०१२ पासून नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते. कामावर सायकलने जाणाऱ्या सातपूर-अंबडच्या कामगाराला मात्र सलग, सुरक्षित पट्टी अजून लाभलेली नाही.

मालवाहतूक : पंचवटीतील बाजार समितीकडे येणारी भाजीपाल्याची वाहने आणि गावठाणातील घाऊक दुकानांचे टेम्पो यांचा रस्त्यावरील भार मोठा असतो. चढउतारासाठी ठरावीक वेळा व राखीव जागा देणे हा यावरील मान्य उपाय होय.