'भयंकर आवडलं' म्हटलं की लोक का वैतागतात?

'भयंकर सुंदर' असं कुणी म्हटलं की काही लोकांचा पारा चढतो. भयंकर म्हणजे भीती वाटेल असं, ते सुंदर कसं असेल, वगैरे. पण हीच मंडळी ऑफिसच्या मेलमध्ये 'अत्यंत आभारी आहे' असं बिनधास्त लिहितात, आणि अत्यंत म्हणजे अति अधिक अंत, शेवटाच्याही पलीकडचं! 'खूप वाईट' तर त्याहून भारी, कारण खूप आलाय फारसी 'खूब'वरून आणि त्याचा अर्थ चांगलं. म्हणजे शब्दशः बघायला गेलं तर आपण 'चांगलं वाईट' म्हणतोय, पण कुणाला काही खटकत नाही.

भाषाशास्त्रात अशा शब्दांना इंटेन्सिफायर म्हणतात, म्हणजे जोर देणारे शब्द. यांचं काम असं चालतं की आधी एखादा तगडा अर्थाचा शब्द उचलायचा, तो नवीन असतो तोवर ऐकणारा दचकतो, मग सगळेच वापरायला लागले की मूळ अर्थ झिजतो आणि मागे फक्त 'जास्त' एवढंच उरतं, आणि मग परत नवा शब्द शोधा. इंग्रजीतला व्हेरी मुळात 'खरा' या अर्थाचा. जर्मनमधला झेअर, म्हणजे 'खूप', तो मूळचा वेदनेचा शब्द.

ही झीज इतकी पटपट होते की जोर द्यायला कोण कुठला शब्द वापरतो त्यावरून वय कळतं. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या बोलण्यावर 2003 मध्ये एक अभ्यास आला, त्यात म्हाताऱ्यांच्या तोंडी व्हेरी जास्त आणि तरुणांच्या तोंडी रिअली. गाव एकच, पिढी वेगळी. 2005 मध्ये फ्रेंड्स मालिकेतले संवाद असेच तपासले गेले, त्यात 'सो' हा शब्द बायकांच्या तोंडी पुरुषांपेक्षा बराच जास्त निघाला.

खरी गोम इथेच आहे असं मला वाटतं. राग शब्दाचा नसतोच, तो बोलणाऱ्याचा असतो. 1754 मध्ये लॉर्ड चेस्टरफील्ड या इंग्रज उमरावाने लंडनच्या फॅशनेबल बायकांची टिंगल केली होती की त्या सगळ्यालाच 'व्हास्टली', म्हणजे 'विशाल', लावतात, तपकिरीची डबी म्हणे विशाल सुंदर, का तर ती विशाल छोटी आहे! गंमत आहे, पण नेम बायकांवरच. आपल्याकडे 'लय भारी' बोललं की 'गावाकडचा दिसतोय' हे पुढचं वाक्य कुणीतरी मनात म्हणतंच, आणि तोच लय टीशर्टवर छापून आला की कूल होतो. शब्दात काहीच बदललेलं नसतं हो, बोलणारा बदललेला असतो.

इंग्रजीतल्या लिटरलीचं प्रकरणही असंच. लिटरली म्हणजे शब्दशः, पण लोक तो नुसता जोर द्यायलाही वापरतात. 'मी लिटरली मेले' यातला लिटरली ऑक्सफर्ड डिक्शनरीने नोंदवलाय हे 2013 मध्ये लोकांच्या लक्षात आलं आणि इंग्रजी संपली म्हणून बोंबाबोंब झाली, पोरांनी भाषा बिघडवली म्हणे. पण त्या वापराचं उदाहरण 1769 च्या कादंबरीत सापडतं. आपल्याला आत्ता जाणवलं म्हणजे ते आत्ताच सुरू झालं असं वाटतं ना, त्याला अर्नोल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञाने 2005 मध्ये रीसन्सी इल्यूजन, म्हणजे नवेपणाचा भास, असं नाव दिलं. आपला 'अक्षरशः' तेच काम करतो, 'अक्षरशः वेड लागायची पाळी आली', पण तो शुद्ध संस्कृत वाटतो म्हणून सुटतो बिचारा.

तक्रारीत थोडं तथ्य आहे हेही खरं. न्यूज चॅनलवर सकाळपासून सगळंच 'प्रचंड' असेल तर खरंच मोठं काही घडल्यावर कुठला शब्द आणणार? डॉक्टरांना हे रोजचंच आहे. पेशंट 'भयंकर दुखतंय' म्हणतो, त्यावरून काही ठरवता येत नाही, मग ते सरळ विचारतात, दहापैकी किती?