नेटची जेआरएफ आणि प्रकल्पातली जेआरएफ

एमसीए किंवा एम.टेक. करून पीएच.डी.च्या वाटेला लागलेल्या मुलाबद्दल फोंड्या-मडगावच्या घरांतून अभिमानाने सांगतात, "त्याला जेआरएफ मिळाली." जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, संशोधन करणाऱ्याला दर महिन्याला मिळणारी रक्कम. ती दोन वाटांनी मिळते: नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून, नाहीतर एखाद्या संशोधन प्रकल्पातून. तेव्हा कुठली मिळाली, ते विचारून घ्यावे. रक्कम पाहून काही कळत नाही. १ जानेवारी २०२३ पासून दोन्हींत सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आहेत, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झाले की ४२,०००, वर घरभाडे भत्ता. फरक आहे तो पैसा कोणाच्या नावावर येतो यात.

नेटची जेआरएफ विद्यार्थ्याच्या नावावर असते. विज्ञान विषयांसाठी सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेची वेगळी नेट असते, पण तिच्यात संगणकशास्त्र हा विषयच नाही, त्यामुळे आपली संगणकवाली मंडळी यूजीसी-नेटला (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेटला) बसतात. इथेही एक मेख आहे. जून २०२४ पासून या परीक्षेचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह, नुसते सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेश, आणि नुसता पीएच.डी. प्रवेश. फेलोशिप फक्त पहिल्या गटाला. "नेट झाली" म्हणजे पैसे आले असे मुळीच नाही. जेआरएफचे पत्र मात्र तीन वर्षे चालते. ते घेऊन ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात मुलाखत द्या, नाहीतर राज्याबाहेर जा. एकूण पाच वर्षे पैसे मिळू शकतात, तेही थेट तुमच्या खात्यात. फक्त विद्यापीठातून दर महिन्याला पोर्टलवर पुष्टी जावी लागते. ती राहिली की हप्ता राहिला. त्या टेबलावरच्या माणसाशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यावी.

प्रकल्पातली जेआरएफ म्हणजे एखाद्या प्राध्यापकाला मिळालेल्या अनुदानातली जागा. फर्मागुडीची आयआयटी, कुंकळ्ळीची एनआयटी अशा संस्थांच्या संकेतस्थळांवर अशा जाहिराती येतात. नेट किंवा गेट (पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रवेशाची परीक्षा) लागते, मुलाखत होते, आणि नेमणूक तात्पुरती असते. तिच्यासोबत पीएच.डी. प्रवेश आपोआप येत नाही, त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. हे न कळल्यामुळे दोन वर्षे कोड लिहूनही नोंदणी न झालेली मुले असतात.

खरी अडचण मुदतीची. समजा प्रकल्प तीन वर्षांचा आहे आणि तुम्ही पहिले वर्ष सरल्यावर रुजू झालात. हातात उरली दोन वर्षे. पीएच.डी.ला मात्र नियमानेच किमान तीन लागतात, प्रत्यक्षात चार-पाच. म्हणून मुलाखतीत विषयाआधी प्रकल्प कधी संपतो आणि त्यानंतर संस्थेची असिस्टंटशिप मिळेल का, हे विचारायला लाजू नये. आयआयटी-एनआयटीत ही तिसरी वाट असते: आठवड्याचे काही तास लॅब घ्या, पेपर तपासा, संस्था फेलोशिप देते.

इतके असूनही संगणकवाल्यांनी प्रकल्पाला नाक मुरडू नये. नेटच्या जेआरएफला विज्ञान शाखेत पहिली दोन वर्षे किरकोळ खर्चासाठी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल शिकवण्याजोगे जीपीयू कार्ड (जड आकडेमोडीची चिप) सोडाच, बरा लॅपटॉपही येत नाही. प्रकल्पात यंत्रसामग्रीचा वेगळा रकाना असू शकतो. मात्र तिथे विषय ठरलेला असतो. तुम्हाला कोकणी-मराठीच्या वाणी-ओळखीवर (बोललेले संगणकाला कळण्यावर) काम करायचे आहे आणि अनुदान आहे ड्रोनच्या सुरक्षेसाठी, तर ड्रोनच करावे लागतील. नेटवाल्याला विषयाबाबत गाइडशी जरा ताठ मानेने बोलता येते.

माझे मत: नोंदणी मिळत असेल तर प्रकल्प घ्यावा आणि रुजू झाल्यावरही नेटला बसत राहावे. परीक्षा साधारण जून आणि डिसेंबरच्या सत्रांत असते, सर्वसाधारण गटाला जेआरएफसाठी वयोमर्यादा ३० वर्षे आहे. दोन्ही फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत. नेटची मिळाली की प्रकल्पातली जागा सोडायची, नोंदणी आणि गाइड तेच ठेवायचे. गाइडलाही ते परवडते, कारण रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांना आणखी एक माणूस घेता येतो.