शिकागोची आग आणि बदनाम झालेली गाय

१८७१ ची शिकागोची मोठी आग कशी लागली विचारलं की अजूनही तेच उत्तर मिळतं, ओ'लिअरी बाईंच्या गायीनं लाथ मारून कंदील पाडला म्हणून. तर हे खरं नाहीये! आग त्यांच्याच गोठ्यात किंवा अगदी जवळ सुरू झाली हे मान्य, पण तेव्हा रात्रीचे नऊ वाजत आले होते आणि आपण झोपलो होतो असं बाईंनी चौकशीत शपथेवर सांगितलं, आणि चौकशीवाल्यांनाही नक्की कारण काही सापडलं नाही. पण बाई गरीब, त्यात आयरिश स्थलांतरित, मग काय, पेपरवाल्यांना आयतंच गिऱ्हाईक मिळालं. आग एवढी पसरण्याची खरी कारणं तशी बोअरिंग आहेत, कोरडा पडलेला उन्हाळा, जोराचा वारा, लाकडी घरं, लाकडी फुटपाथसुद्धा, आदल्या रात्रीच्या आगीनं दमलेले बंबवाले आणि त्यांना आधी भलत्याच ठिकाणी पाठवलेलं. साधारण ३०० माणसं गेली, लाखभर बेघर झाली. सिटी कौन्सिलनं बाईंना आणि गायीला निर्दोष ठरवलं ते थेट १९९७ मध्ये.

आणि त्याच रात्री, ८ ऑक्टोबरला, विस्कॉन्सिनमधल्या पेश्टिगोच्या वणव्यात हजाराहून जास्त माणसं मेली, ते मात्र कुणाला माहीतही नसतं.