ॲटेनोलॉल की ॲमलोडिपिन? दोन्ही 'बीपीची गोळी'च, पण एकसारख्या नाहीत

परवा मेडिकलच्या काउंटरवर एक काका आले, हातात कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा, त्यात एकच गोळी उरलेली आणि मागच्या फॉइलवर छापलेल्याचं नुसतं शेपूट, "लॉल ५०". म्हणे हीच द्या एक पाकीट, बीपीची. विचारलं नाव काय हो काका, तर ॲमलो का ॲटेनो असंच काहीतरी, छोटी पांढरी असते बघा. आता माझ्या मागच्या कपाटातल्या निम्म्या गोळ्या छोट्या पांढऱ्याच आहेत. म्हणलं चिठ्ठी दाखवा, तर चिठ्ठी घरी.

हा घोळ रोजचा आहे म्हणून लिहितोय.

ॲमलोडिपिन रक्तवाहिन्यांवर काम करते. त्यांच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात, वाट मोकळी होते आणि प्रेशर उतरतं, हृदयाच्या ठोक्यांशी तिचं फारसं देणंघेणं नाही. ॲटेनोलॉलचं उलटं आहे, ती बीटा ब्लॉकर. धावपळ, राग, भीती या सगळ्यात जे ॲड्रेनालिन सुटतं ते हृदयावरच्या ज्या जागांवर जाऊन बसतं त्या जागा ही गोळी आधीच अडवून ठेवते, त्यामुळे ठोके कमी पडतात, जोरही कमी लागतो आणि बीपी खाली येतं. म्हणजे एकीने पाइप रुंद केला आणि दुसरीने मोटर हळू केली.

नावाची शेपटं बघायची सवय लावा. शेवटी 'ओलॉल' असेल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिवोलॉल, प्रोप्रानोलॉल, तर बीटा ब्लॉकर. 'डिपिन' असेल, सिलनिडिपिन, निफेडिपिन, तर ती ॲमलोच्या घरातली.

मुळात बीटा ब्लॉकर बीपीसाठी शोधलेच नव्हते. जेम्स ब्लॅक नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाला छातीत दुखणाऱ्या पेशंटच्या हृदयावरचा ताण कमी करायचा होता, त्यातून १९६४ च्या सुमारास प्रोप्रानोलॉल आलं, बीपीही उतरतं हे नंतर लक्षात आलं, आणि १९८८ ला त्यांना नोबेल मिळालं. आजही अटॅक येऊन गेलेला, छातीत दुखणारा, ठोके अनियमित असलेला पेशंट असेल तर डॉक्टर बऱ्याचदा यातली एखादी देतात. पण नुसतंच बीपी असेल तर सहसा आधी ॲमलोडिपिन किंवा टेल्मिसार्टन (ही तिसऱ्याच घरातली बीपीची गोळी). कारण २००५ मध्ये एक मोठी ट्रायल आली, एकोणीस हजारांवर पेशंट होते, त्यात ॲटेनोलॉलवाल्या गटापेक्षा ॲमलोडिपिनवाल्या गटात स्ट्रोक कमी झाले, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनने नुसत्या बीपीसाठी बीटा ब्लॉकरला पहिल्या पसंतीतून काढलं. पण हे वाचून कोणी वडिलांची पंधरा वर्षं चालू असलेली ॲटेनोलॉल उद्यापासून बंद करू नका प्लीज, खरी गडबड तिथेच होते.

महिनोन्महिने गोळीने जागा अडवल्या की शरीर गप्प बसत नाही, ते हृदयावर अशा जागा आणखी वाढवतं. आता गोळी एकदम थांबली तर त्या सगळ्याच्या सगळ्या उघड्या पडतात आणि ॲड्रेनालिन दुप्पट जोराने आदळतं, छातीत धडधड, बीपी वर, आणि आधीच हृदयाचा त्रास असेल तर छातीत दुखणं नाहीतर थेट अटॅक. म्हणून डॉक्टर ही गोळी बंद करताना साधारण एक-दोन आठवडे डोस हळूहळू उतरवतात. ॲमलोडिपिन या बाबतीत बरीच सोशिक, शरीरातली तिची पातळी निम्मी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात, एखादा दिवस चुकला तर लगेच काही बिघडत नाही (तरी मुद्दाम चुकवू नका). ॲटेनोलॉलचं तेच ६-७ तासांत होतं. गणपतीला गावी जायचं, गोळ्या इथेच राहिल्या, मग आत्याची पण बीपीचीच आहे की, तीच चार दिवस घेऊ! आत्याची ॲमलो आणि तुमची ॲटेनो असेल तर चार दिवस तुमची गोळी बंदच आहे, मशीनवर आकडा चांगला दिसला तरी. आणि सकाळची राहिली म्हणून रात्री दोन एकदम, हेही नको.

मशीनवरून आठवलं. घरच्या बीपी मशीनवर तीन आकडे येतात, सगळे वरचे दोन वाचतात आणि तिसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तो नाडीचा. बीटा ब्लॉकर चालू असेल तर तोही वहीत लिहा. ५० च्या खाली जायला लागला, किंवा चक्कर, डोळ्यापुढे अंधारी येतेय, तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन, आणि शुद्ध हरपली तर फोनबिन नाही, सरळ हॉस्पिटल. हातपाय गार पडणं, जिना चढताना दम संपल्यासारखं वाटणं हेही या गोळीने होतं. ॲमलोची खूण वेगळी, संध्याकाळी मोजे काढले की घोट्याला इलॅस्टिकचा खोल वळ आणि पाय सुजलेले. किडनी गेली म्हणून घाबरून येतात लोक, बऱ्याचदा गोळीचीच सूज असते, डोस कमी केला की उतरते, पण ते डॉक्टरला ठरवू द्या.

दमा असेल तर डॉक्टरला पहिल्यांदा तेच सांगा, बीटा ब्लॉकरने श्वासनळ्या आवळू शकतात, प्रोप्रानोलॉल तर दम्याला नकोच. स्टेजवर बोलायच्या आधी धडधड होऊ नये म्हणून मित्राकडून प्रोप्रानोलॉल मागून घेणारी पोरं पण बघितलीत मी, त्यांना हे माहीतच नसतं. शुगरवाल्यांचं अजून वेगळं, साखर उतरली की जी धडधड आणि थरथर व्हायची ती या गोळीने दबते, घाम मात्र दबत नाही, म्हणून इन्सुलिनवाल्यांनी अचानक घाम फुटला की आधी साखर तपासायची. आणि डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल चालू असेल तर सोबत बीटा ब्लॉकर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही, दोन्ही मिळून ठोके फार खाली नेतात. ती दोघं ॲमलोची लांबची भावंडं, पण ॲमलो स्वतः बीटा ब्लॉकरसोबत व्यवस्थित नांदते.

इतकी की दोन्ही एकाच गोळीत मिळतात. नावापुढे बहुतेक 'एटी' असतं, लोक पुढचं ॲमलो वाचतात आणि एटी सोडून देतात, म्हणजे आपण बीटा ब्लॉकर घेतोय हेच माहीत नसतं, मग सोडताना काय जपणार.

काकांच्या मुलीने शेवटी व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो पाठवला. ॲमलोडिपिन ५, ॲटेनोलॉल ५०, जोडगोळीच. नुसतं शेपूट बघून मी साधी ॲटेनोलॉल दिली असती तर अर्धं औषध गायब. म्हणलं काका, कापायचंच तर नावाची बाजू शेवटपर्यंत ठेवा. तर म्हणे, कात्री तुमच्या काकूकडे असते, तिलाच सांगा.