ताण विसरणं आणि ताण उतरणं

रात्रीचे साडेआठ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून झालीय, इंजिन बंद आहे, पण माणूस आतच बसलाय. अंगठ्याने रील्स सरकवतोय. वर आईच्या डायलिसिसची फाइल, मुलाची फी, आणि साहेबांचा 'उद्या सकाळी बोलू' असा मेसेज. वीस मिनिटांनी तो लिफ्टकडे वळतो. कुणी विचारलंच तर म्हणतो, "जरा रिलॅक्स होत होतो."

तो माणूस मीच, चांगली दोन वर्षं. आणि मी रिलॅक्स होत नव्हतो, विसरत होतो. विसरलं काय, उतरलं काय, त्या घडीला हलकंच वाटतं. घोळ तिथेच होतो.

एखाद्या दिवसाचा ताण असेल तर विसरणं पुरतं. समोरून ट्रक अंगावर आला, छाती धडधडली, ट्रक गेला, अर्ध्या तासात शरीर जागेवर. पण घराचा हप्ता आणि घरातलं आजारपण असं निघून जात नाही. कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं रोजच कामाला जुंपलेली राहतात. मग रक्तदाब, पित्त, झोप, चिडचिड, सगळं एकामागून एक बिघडायला लागतं.

विसरण्याचा आपल्याकडचा राजमार्ग म्हणजे पेग. "दोन मारले की मस्त झोप लागते," हे खोटं नाही. झोप लवकर लागते, पण टिकत नाही. यकृत दारू निकालात काढतं तसतशी उत्तररात्रीची झोप तुटायला लागते. स्वप्नांची झोप, जिला रेम म्हणतात, तीही घटते. झोपेत हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा जास्त पडत राहतात. म्हणून पहाटे तीनला डोळे टक्क उघडे, वर पंखा फिरतोय आणि डोक्यात हिशेब. सिगारेटचं गणित तर याहून चलाख. टपरीवर जी तगमग शमते, त्यातली बरीचशी आधीच्या सिगारेटचं निकोटीन उतरल्यामुळेच आलेली असते. बायको-पोरांवर ओरडून 'मोकळं' होणारेही असतात; राग असा काढल्याने निवतो हा समज प्रयोगांत टिकलेला नाही.

उतरवण्याच्या गोष्टी त्या मानाने कंटाळवाण्या. श्वास संथ करायचा, मिनिटाला सहाच्या आसपास, आणि सोडताना लांबवायचा. त्याने हृदयाची गती खाली यायला मदत होते. कुणाला हे योगवर्गासारखं वाटत असेल तर लोकलमधलं भजनी मंडळ आठवा. अभंगाची ओळ लांबवायची तर श्वास आपोआप लांब सुटतो. शिवाय रोजचा डबा, रोजची माणसं, आणि चार दिवस दिसला नाहीस तर "कुठे होतास रे?" विचारणारं कुणीतरी. समुपदेशकासमोर बसून बोलायला न धजणारा पुरुष टाळ वाजवता वाजवता बरंच बोलून जातो.

पण नुसतं शांत होऊनही भागत नाही. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली ताण हाताळण्याच्या दोन बाजू मांडल्या: अडचणीलाच हात घालणं आणि मनाची अवस्था सांभाळणं. आईची किडनी काही माझ्या हातात नव्हती. डायलिसिस मात्र आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास, आणि सोबतीला तिन्ही वेळा मीच. हे कागदावर लिहिलं तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

क्रिकेट, जिम, गाडी काढून लोणावळा, या गोष्टी दोन्हीकडे मोडू शकतात. मी सकाळवर पारखतो: उठल्यावर अंग हलकं आहे की तोच दगड छातीवर आहे? दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर तो नुसता ताण समजू नका, डॉक्टर गाठा. जगणं नको वाटलं तर दोन आठवडे मोजत बसू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

धाकट्या भावाला फोन लावायला मला तीन दिवस लागले. "शनिवारचं तू बघशील का?" एवढंच वाक्य. तो म्हणाला, "दादा, आधी बोलला असतास तर." त्या शनिवारी मी आठपर्यंत झोपलो. गाडीत बसून राहायची सवय अजून आहे, पाचेक मिनिटांची.