पासिंग कुठलं?

बेळगावात नवी गाडी दारात आली की पेढा तोंडात पडायच्या आधी शेजारी विचारतात, "पासिंग कुठलं ओ?" केए-22 म्हणजे बेळगाव, केए-23 म्हणजे चिकोडी, एमएच-09 म्हणजे कोल्हापूर, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण 'पासिंग' या एका शब्दात आपण दोन वेगळी कामं कोंबली आहेत : गाडीची नोंदणी आणि गाडीचा रोड टॅक्स. शोरूमवाला दोन्हीचे पैसे एकदमच घेतो, म्हणून फरक कधी जाणवत नाही. जाणवतो तो गाडी सीमा ओलांडून राहायला आली की.

नोंदणी ही गाडीची ओळख. इंजिन नंबर, चासी नंबर, मालकाचं नाव आणि त्यावरून मिळालेली नंबरप्लेट. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ती एका राज्यात झाली की देशभर चालते. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली माणसं बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला बेळगावलाच येतात, कोल्हापूर त्यांना लांब पडतं. शिनोळीहून एमएच-09 ची मोटरसायकल रोज सीमेवरचं बाची ओलांडून आली आणि संध्याकाळी परत गेली, तर तिला नवा नंबर लागत नाही, मग ती वर्षानुवर्षं येत राहिली तरी.

टॅक्सचं तसं नाही. संविधानात मोटारगाड्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही हातात आहेत (नोंद 35), पण गाड्यांवरचा कर राज्यसूचीत, म्हणजे एकट्या राज्याच्या हातात (नोंद 57). म्हणून नोंदणीचा कायदा सगळ्या देशाला एक आणि टॅक्सचा दर प्रत्येक राज्याचा आपापला. आठ लाखांची पेट्रोल कार घ्या. महाराष्ट्रात 11 टक्क्यांनी 88 हजार. कर्नाटकात 14 टक्क्यांनी एक लाख 12 हजार, आणि त्या टॅक्सवर पुन्हा उपकर. पाव लाखाच्या वर फरक! मग कागल-गडहिंग्लजच्या पाहुण्यांचा पत्ता लावून गाडी 'तिकडची' काढायचा मोह का होतो, ते सांगायला नको. कायदा मात्र म्हणतो, तुम्ही जिथं राहता किंवा धंदा करता आणि गाडी जिथं ठेवता, तिथल्या राज्यात नोंदणी करा.

माझी फसगत इथंच झाली. महाराष्ट्रातल्या आतेभावाची जुनी कार घेतली, आरसीवर (नोंदणीच्या दाखल्यावर) माझं नाव चढलं की झालं, असं समजून बसलो. नाव बदलणं हे तर तिसरंच काम निघालं. परराज्यातली गाडी 12 महिन्यांहून जास्त काळ इथं ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी जुन्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हवी, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही. आणि नव्या नंबरासोबत इथला टॅक्स येतोच, गाडीचं वय बघून कमी केलेला. तिकडं भरलेल्या टॅक्सपैकी उरलेल्या वर्षांचा वाटा परत मागता येतो, पण आधी इथं भरायचं, मग नवी आरसी दाखवून तिकडं अर्ज करायचा. एनओसी म्हणजे टॅक्समाफी नव्हे, हे मला एजंटनं तीन वेळा समजावलं. तिसऱ्यांदा चहाचे पैसे मीच दिले.

ही 12 महिन्यांची मुदत नोंदणीची. कर्नाटकानं 2014 मध्ये कायदा बदलून परराज्यातली गाडी 30 दिवसांहून जास्त राहिली तरी आजीवन टॅक्स मागायला सुरुवात केली होती. 2016 मध्ये उच्च न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली. तरीही '30 दिवस झाले की धरतात' हे वाक्य इथल्या कट्ट्यांवर अजून फिरतंय. एकाची मुदत दुसऱ्याला चिकटवली की असं होतं.

दोन्ही गोष्टी सुट्या केलेल्या बघायच्या असतील तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या भागात चक्कर मारा. तिथं बीएच, म्हणजे 'भारत' मालिकेच्या नंबरच्या गाड्या दिसतील. 2021 मध्ये सुरू झालेली ही मालिका फौजी, सरकारी नोकर आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. बदली झाली तरी नंबर तोच राहतो, टॅक्स मात्र दोन-दोन वर्षांचा भरायचा. अशा गाडीला 'पासिंग कुठलं' विचारलं, तर फौजी नुसता हसतो.